गिरगाव रस्ता : धोबी तलाव ते ऑपेरा हाउस, आठवतं ते सगळं लिहा

मुगभाटातला

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात भुयारी मेट्रोने गिरगावात उतरलो. सरकत्या जिन्याने वर आलो, रस्त्याला लागलो आणि क्षणभर दिशाच कळेना. जन्म मुगभाट लेनमधला, वयाची तेहेतीस वर्षं तिथे काढलेली, आणि ठाकूरद्वार कुठल्या हाताला हे मला एका पानवाल्याला विचारावं लागलं. त्याने हात केला, मी चार पावलं गेलो आणि मग ओळखीची वळणं दिसायला लागली. पण पोटात जे कालवलं ते अजून बसलेलं नाही. म्हणून हा धागा.

आधी रस्ता कोणता ते सांगतो, कारण हल्ली गिरगाव म्हटलं की लोकांना चौपाटीच आठवते. धोबी तलावाला मेट्रो सिनेमापासून निघायचं, चिराबाजार, ठाकूरद्वार नाका, गिरगाव चर्च करत ऑपेरा हाउसला पोचायचं. रमतगमत चाललं तरी अर्धा तास. पाटीवर नाव जगन्नाथ शंकरशेट मार्ग. घरातली मोठी माणसं गिरगाव रोडच म्हणायची. नाना शंकरशेटांचं नाव या रस्त्याला शोभतं. एल्फिन्स्टन, ग्रँट मेडिकल कॉलेज, मुलींच्या शाळा, या सगळ्यांत त्यांचा हात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली तेव्हा ते तीत बसलेले होते. एवढा व्याप सांभाळणाऱ्या माणसाचा वाडा गिरगावातच होता.

आता वाड्या. ही नावं नुसती मोठ्याने म्हणून बघा: फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, बोरभाट, मुगभाट. मलबार हिलच्या डोंगराच्या पायथ्याचं गाव ते गिरगाव, आणि या वाड्या म्हणजे त्या गावातल्या बागा आणि शेतं. ‘भाट’ हा शब्द कोकणात आणि गोव्यात अजून जिवंत आहे, माडाच्या किंवा झाडांच्या बागेला भाट म्हणतात. बोरभाटात बोरी असणार, मुगभाटात मूग पिकत असणार. मी ज्या लेनमध्ये चेंडूफळी खेळलो तिथे कधीतरी कोणीतरी मुगाच्या शेंगा तोडल्या असतील, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळलं. लहानपणी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

बागा गेल्या आणि चाळी आल्या. गिरण्या, बंदर, सरकारी कचेऱ्या, छापखाने यांच्यासाठी कोकणातून, देशावरून माणसं आली, ती या वाड्यांत राहिली. १८९६ ला प्लेग आला. दाटीवाटीने रोग पसरतो म्हणून १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला आणि त्याने वस्ती कापत रुंद रस्ते काढले. आजचा शामळदास गांधी मार्ग म्हणजे तेव्हाचा प्रिन्सेस स्ट्रीट, आणि सरदार पटेल मार्ग म्हणजे सँडहर्स्ट रोड, हे दोन्ही त्याच कामातले. दोन्ही पट्टीने आखल्यासारखे सरळ. आमचा गिरगाव रोड मात्र वळत वळत, कुठे रुंद कुठे अरुंद, वाड्यांच्या तोंडांना धरून चालणारा जुनाच राहिला.

माझं म्हणणं असं आहे. आमची खोली दहा बाय बारा, माणसं सात. घरात मावत नव्हतं ते सगळं बाहेर यायचं. अभ्यास गॅलरीत, भांडण जिन्यात, लग्नाची बोलणी वाडीच्या तोंडाशी, राजकारण नाक्यावर. खोली लहान होती म्हणून रस्ता मोठा झाला. आता खोल्या मोठ्या होतायत, चांगलंच आहे, पण त्या रस्त्याचं काय झालं ते लिहून ठेवणारं कोणीतरी हवं. तुमच्याकडे जे असेल ते लिहा. चूक असेल तर दुरुस्त करा.

सुमेधा_फणसवाडी

वाचतेय! माझं आजोळ फणसवाडीतलं. मे महिन्याच्या सुट्टीत पहाटे बालाजीच्या देवळातल्या वाद्यांनी जाग यायची. मराठी चाळींच्या मधोमध ते दक्षिणेकडच्या घडणीचं देऊळ, आणि त्यातला नादस्वर. आम्हा मुलांना वाटायचं सगळ्याच वाड्यांत असं वाजतं.

मडगांवचो

तुमचा रस्ता धोबी तलावाला सुरू होतो, पण तिथे कोणी थांबतच नाही, सगळे चिराबाजाराकडे धावतात. म्हणून मी थांबवतो.

कोपऱ्यावर जेर महाल आहे. खाली फुर्तादोसचं वाद्यांचं दुकान, शेजारी कयानी हे इराणी हॉटेल. वर जिने चढून गेलात तर गोंयकारांचे कूड. कूड म्हणजे गावाचा क्लब. माजोर्ड्याचा माजोर्डेकारांसाठी, तसे इतर गावांचे त्या त्या गावकऱ्यांसाठी. बोटीवर नोकरी करणारा माणूस मुंबईला आला की हॉटेलात उतरत नसे, आपल्या गावच्या कुडात उतरायचा. एक लाकडी पेटी ठेवायला जागा, रात्री आंथरूण घालायला जागा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोट लागेपर्यंत महिना काय, दोन महिने काय, राहायचं.

माझा पाय (वडील) असाच राहिला. त्याची पेटी आमच्या घरी अजून आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने प्रत्येक बोटीचं नाव आणि तारीख खिळ्याने कोरून ठेवली आहे. एकूण चौदा ओळी. दर दोन ओळींच्या मध्ये जे महिने रिकामे दिसतात, त्यातले काही आमच्याकडे गावात गेले आणि बाकीचे तुमच्या या रस्त्याच्या टोकाला.

मुगभाटातला

मडगांवचो, खूप आभार. मी शेकडो वेळा त्या इमारतीखालून गेलो आहे आणि वर मान करून कधी बघितलं नाही. त्या पेटीच्या झाकणाचा फोटो टाकता येईल का? तुमची हरकत नसेल तरच.

जुळाऱ्याचा_मुलगा

माझे वडील कांदेवाडीत एका छापखान्यात जुळारी होते. हल्ली जुळारी म्हणजे काय हे सांगावं लागतं. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एकेक उचलून स्टिक नावाच्या हातातल्या पट्टीत ओळ लावणारा तो जुळारी. मजकूर उलटा दिसतो, आणि तसाच वाचायची सवय लागते. खिळे ठेवायची खणांची पेटी ती केस. इंग्रजीची केस लहान, मराठीची केवढी मोठी, कारण जोडाक्षरं, काने, वेलांट्या, रफार, सगळ्यांना स्वतंत्र घर. वडील केसकडे बघायचेच नाहीत. हात आपोआप ‘क्ष’च्या खणात जायचा.

गिरगाव आणि काळबादेवी हा भाग म्हणजे मराठी छपाईचं माहेर. गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये मुंबईत पहिलं छापील मराठी पंचांग काढलं. सोवळ्यातली माणसं छापील कागदाला हात लावायला कचरत होती असा तो काळ. मग १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर सुरू केला, जवळच कोलभाट लेनमध्ये. तिथले राणोजी रावजी आरू यांनी देवनागरीचे जे छाप कोरले, त्यांची वळणं आमचे वडील देवाचं नाव घ्यावं तशी सांगायचे. कांदेवाडीच्या रस्त्याला आज कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं नाव आहे. १९२३ मध्ये त्यांनी काढलेला नवाकाळ याच रस्त्यावरचा.

आता कांदेवाडी म्हटलं की लग्नपत्रिका. तुळशीचं लग्न झालं की आमच्या घरी वडील रात्री अकराच्या आधी यायचे नाहीत, ते थेट वैशाख संपेपर्यंत. एक गोष्ट त्यांनी मला दाखवली होती ती सांगतो. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां.’ ही ओळ ते मोसमाच्या सुरुवातीला एकदाच जुळवायचे, सुतळीने घट्ट बांधायचे आणि गॅलीत, म्हणजे जुळवलेला मजकूर ठेवायच्या तबकात, उभी ठेवायचे. येणाऱ्या प्रत्येक पत्रिकेत तीच ओळ. फक्त खालची नावं बदलायची. ‘ज्येष्ठ’च्या जागी ‘कनिष्ठ’ हवं असेल तर तेवढाच शब्द चिमट्याने काढायचा. मोसमाच्या शेवटी त्या ओळीतला ‘श्री’ झिजून पुसट उमटायला लागायचा आणि मग ते तो बदलायचे. माझ्या बहिणीच्या पत्रिकेसाठी त्यांनी अख्खी ओळ नव्या खिळ्यांनी लावली. मालकांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

ऑफसेट आलं, मग संगणक. वडिलांच्या बोटांना शिशाचा काळेपणा होता, तो निवृत्तीनंतरही बरीच वर्षं गेला नाही.

सुमेधा_फणसवाडी

काका, हे वाचून डोळे भरून आले. माझ्या आईबाबांची पत्रिका काढून बघितली. कांदेवाडीतच छापलेली आहे, १९७८. ‘श्री’ जरासा पुसट आहे.

टॉकीजवेडा

कोणीच सिनेमाबद्दल लिहिलं नाही? हा रस्ता आणि त्याच्या आजूबाजूचा अर्धा मैल, यात हिंदी-मराठी सिनेमाचा जन्म झाला म्हटलं तर चालेल.

दादासाहेब फाळक्यांनी १९११ मध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव असे पडद्यावर आणायचे हे त्यांच्या डोक्यात बसलं. तो त्यांनी पाहिला गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये. दोन वर्षांनी, ३ मे १९१३ ला, ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला तो सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशनमध्ये. म्हणजे कल्पना सुचली आणि ती पडद्यावर दिसली, दोन्ही ठिकाणं पायी जाण्याच्या अंतरात. आणि १४ मार्च १९३१ ला पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला तो याच गिरगाव रोडवर, मॅजेस्टिकला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते.

मॅजेस्टिक पाडलं गेलं. तिथे पुढे आमदार निवास झालं.

अंजनवेलकर

टॉकीजवेडा, बाकी सगळं उत्तम, पण शेवटचं वाक्य दुरुस्त करा. मॅजेस्टिक आमदार निवास कुलाब्याला आहे, ते पूर्वीचं मॅजेस्टिक हॉटेल. गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमाच्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभं आहे. हा घोटाळा खूप जण करतात.

टॉकीजवेडा

बरोबर, माझी चूक. धन्यवाद. आणि त्या टॉकीजच्या आधाराने ज्याचं नाव पडलं ते मॅजेस्टिक बुक स्टॉल मी कसं विसरलो! सिनेमा गेला, पण त्याचं नाव मराठी पुस्तकांवर अजून छापून येतं.

नलूमावशी

मी मुगभाटातच नांदले. १९६८ ला लग्न होऊन आले, २००९ ला बाहेर पडले. धागा वाचला, लेकाने वाचून दाखवला. छान लिहिता तुम्ही सगळे. पण एक बाजू राहिली आहे.

रस्ता मोठा झाला म्हणता, तो पुरुषांना आणि मुलांना. आम्हाला कुठला रस्ता? नळ पहाटे चारला यायचा आणि सहाला जायचा. मी एकेचाळीस वर्षं पहाटे पावणेचारला उठले. गॅलरीच्या टोकाला संडास, एका मजल्यावर अकरा बिऱ्हाडांत दोन. रात्रीबेरात्री बाईने जायचं म्हणजे कंदील घेऊन कोणालातरी उठवायचं. मोरी म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातला वीतभर उंच कट्टा, आणि आंघोळीला आडोसा लुगड्याचा. दोन्ही बाळंतपणांनंतर त्याच मोरीत न्हाले, बाहेर सासरे वर्तमानपत्र वाचत बसलेले. ते बिचारे पाठ करून बसायचे.

आता चांगलंही सांगते, नाहीतर म्हणाल मावशी रडगाणं गाते. माझ्या धाकट्याला झटके यायचे. एकदा भर दुपारी आला, घरात मी एकटी. मी नुसती ‘अगं बाई’ ओरडले. गॅलरीतल्या तीन बायका आत आल्या, एकीने पोराला धरलं, एकीने माझ्या मोठ्याला उचलून नेलं, तिसरी अनवाणी ठाकूरद्वारापर्यंत धावली आणि टॅक्सी घेऊन आली. तोवर खालच्या किराणावाल्याने पन्नास रुपये माझ्या हातात कोंबले होते. आत्ताच्या घरात तीन बेडरूम आहेत. शेजारी कोण राहतं मला माहीत नाही.

दोन्ही खरं आहे. दोन्ही लिहा.

मुगभाटातला

मावशी, नमस्कार करतो. तुमचं बरोबर आहे. मी लिहिलेलं मुलाच्या नजरेचं होतं. माझी आईसुद्धा पावणेचारलाच उठायची, आणि तिच्या बादल्यांचा आवाज मला झोपेतली सुखाची गोष्ट म्हणून आठवतो. तिला तो कसा वाटत असेल हे मी कधी विचारलं नाही. आता ती नाही.

तुमचा धाकटा कसा आहे?

नलूमावशी

धाकट्यानेच मला हे सगळं वाचून दाखवलं आणि माझं उत्तर टंकून दिलं आहे. चांगला आहे.

वकीलसाहेब

या चाळी का पडल्या, त्यावर थोडं. नुसता मालक लोभी आणि बिल्डर लबाड असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

१९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. फाळणी, लढाई, घरांची टंचाई, त्या वेळी हे गरजेचंच होतं. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा पुन्हा पुन्हा वाढवत नेला. खोलीचं भाडं आठ-दहा रुपयांवर अडलं, आणि वाशाची किंमत मात्र दरवर्षी वाढत होती. मालकाने डागडुजी सोडून दिली. खोली विकता येत नाही, म्हणून पागडी आली. हक्क बदलायचा तर रोख द्यायची, कागदावर काहीच नाही. पावसाळ्यात चाळी कोसळायला लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि इमारतींवर उपकर बसला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द गिरगावातल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. मंडळाने टेकू दिले, गर्डर घातले, पण मुळातली लाकडी चौकट शंभर वर्षांची. १९९९ चा नवा भाडे कायदा आला तोवर खूप उशीर झाला होता.

आता पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या नियमाखाली होतो. भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात. एकशेवीस फुटांत सात माणसं राहिलेल्यांना हे किती मोठं आहे ते नलूमावशी सांगतील. अडचण इमारत उभी राहीपर्यंतच्या काळाची आहे. माझ्या एका अशिलाला ‘तीन वर्षांत परत याल’ असं सांगून मालाडला भाड्याने पाठवलं होतं. अकरा वर्षं झाली. ते गृहस्थ वारले, आता त्यांची सून माझ्याकडे येते. मी नाव घेत नाही, प्रकरण कोर्टात आहे.

सिडनीकर_आंबेवाडी

आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं लिहितो.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरगाव पेटलेलं होतं. २० नोव्हेंबर १९५५ ला चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा होती, ती लोकांनी उधळली. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे. मग जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित होणार असं जाहीर झालं आणि गिरगावच्या वाड्यांमध्ये जे झालं ते ते आयुष्यभर सांगत राहिले. संचारबंदी लागली की रस्ता ओस. पण वाडीला दोन तोंडं असतात. एक गिरगाव रोडला, दुसरं मागच्या गल्लीत. त्या वाटा बाहेरच्या पोलिसांना ठाऊक नव्हत्या. मुलं या तोंडाने दिसायची आणि त्या तोंडाने निघून जायची. बायका गॅलरीतून थाळ्या वाजवून पोलीस कुठल्या बाजूला आहेत ते कळवायच्या.

आजोबांचा एक मित्र गोळी लागून गेला. त्याचं नाव हुतात्म्यांच्या यादीत आहे असं आजोबा म्हणायचे, पण ते नाव मला सांगताना त्यांचा आवाज नेहमी बसायचा, म्हणून मी कधी खोदून विचारलं नाही. १ मे ला ते न चुकता हुतात्मा चौकात जायचे. चालत, याच रस्त्याने. बसने कधी गेले नाहीत.

अंजनवेलकर

सिडनीकर, या एका परिच्छेदासाठी हा धागा जपून ठेवायला हवा.

सुमेधा_फणसवाडी

वाडीला दोन तोंडं असतात हे किती खरं! आम्ही लपाछपी खेळताना हेच करायचो. काय इतिहास पायाखाली होता याची कल्पनाच नव्हती.

षड्जपंचम

गाण्याबद्दल एक टीप. ऑपेरा हाउसजवळ प्रा. बी. आर. देवधरांची संगीत शाळा होती, १९२५ पासूनची. कुमार गंधर्व लहानपणी इथेच शिकायला आले. देवधरांची मोठी गोष्ट अशी की त्यांनी घराण्याचं कुंपण घातलं नाही. मुंबईत येणारा कुठल्याही घराण्याचा गवई त्यांच्याकडे उतरला की शिष्यांनी ऐकायचं.

आणि केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ, १९३५ चा. डॉ. अ. ना. भालेराव हे डॉक्टर, पण त्यांनी सगळा जीव नाटकाला दिला. संघाच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. मी तिथे वयाच्या नवव्या वर्षी पहिलं संगीत नाटक पाहिलं, वडिलांच्या मांडीवर बसून, कारण तिकीट एकच परवडत होतं. दरवाजावरच्या गृहस्थांनी मला बघून न बघितल्यासारखं केलं.

टॉकीजवेडा

ऑपेरा हाउसचं नाव निघालं म्हणून: १९११ ला उद्घाटन, १९९३ ला बंद, २०१६ ला पुन्हा उघडलं. मधली तेवीस वर्षं आम्ही त्याच्या बंद दारासमोरून बसने जायचो. उघडल्यावर मी पहिल्या महिन्यात जाऊन आलो. सोनेरी नक्षी पाहिली आणि वाटलं, नीट मनावर घेतलं तर वाचवता येतं.

चर्नीचा

चर्नी रोड नावाबद्दल सांगायचं राहिलं. एक मत असं की गुरांच्या चरण्यावरून. १८३८ मध्ये इंग्रजांनी कॅम्प मैदानावर गुरं चारायला कर लावला, गरिबांना तो झेपेना, म्हणून सर जमशेटजी जीजीभाईंनी ठाकूरद्वाराजवळ कुरण विकत घेतलं, रुपये २०,०००, आणि गुरांना मोकळं सोडलं. दुसरं मत, ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांवरून. मला पहिलं पटतं. मुगभाट, बोरभाट असणाऱ्या गावात कुरणही असणारच.

मुगभाटातला

गणपतीचं कोणीच लिहिलं नाही याचं नवल वाटतं, म्हणून मीच लिहितो. केशवजी नाईक चाळ, कांदेवाडीतच. १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती इथे बसला. १९०१ मध्ये लोकमान्य इथे येऊन गेले. या गणपतीची मूर्ती दोन फुटांच्या आसपासची, आणि विसर्जनाला पालखीतून जाते. बाकीच्या मूर्ती वीस-पंचवीस फुटांच्या झाल्या तरी या चाळीने आपली मूर्ती वाढवली नाही. लहानपणी मला याची लाज वाटायची, ‘तुमच्या गिरगावचा गणपती एवढासाच?’ असं परळचे मित्र म्हणायचे. आज त्याचा केवढा अभिमान वाटतो.

अनंत चतुर्दशीला आमच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नसायची. सगळे नातेवाईक त्या दिवशी आमच्याकडे. आई दोन मोठी पातेली भरून साबुदाण्याची खिचडी करायची, आणि ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो अशी माणसं जिन्यात बसून ती खायची.

आणि त्याच चौपाटीवर १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्यांना निरोप दिला गेला. आमचे पणजोबा त्या पावसात उभे होते. घरात त्यांची छत्री बरीच वर्षं होती.

असो. आता कामाचं. मला वाटतं आपण एकदा हा रस्ता एकत्र चालू या. येत्या रविवारी सकाळी आठला जेर महालाखाली. कोण कोण येतंय?

जुळाऱ्याचा_मुलगा

मी येतो. वडिलांची स्टिक घेऊन येतो, घरात एक जपून ठेवली आहे.

सुमेधा_फणसवाडी

मी आणि आई.

नलूमावशी

मला चालवत नाही फार. मुगभाटाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते, तुम्ही तिथपर्यंत या.

मडगांवचो

मी मडगांवाहून शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतो. झाकणाचा फोटो नको, पेटीच दाखवली असती, पण जड आहे. ओळी कागदावर उतरवून आणतो.

मुगभाटातला

(रविवारी रात्री)

मंडळी, आम्ही बावीस जण होतो. इतके येतील असं वाटलं नव्हतं.

जेर महालाच्या जिन्याशी मडगांवचो यांनी चौदा ओळी वाचल्या. शेवटच्या दोन ओळींमध्ये अडीच वर्षांचं अंतर आहे. ते म्हणाले, तेव्हा माझा जन्म झाला, म्हणून पाय घरी राहिला. चिराबाजारात मासळीच्या गर्दीतून वाट काढायला वेळ गेला. ठाकूरद्वारापाशी मेट्रोच्या जिन्यातून लोक वर येत होते, त्यातले दोघे तरुण आमच्याबरोबर चालू लागले आणि शेवटपर्यंत राहिले. कांदेवाडीत एका पत्रिकांच्या दुकानदाराने जुळाऱ्याच्या मुलाच्या हातातली स्टिक बघितली आणि काही न बोलता आतून स्वतःच्या वडिलांची आणून तिच्याशेजारी ठेवली. काउंटरवर दोन्ही सारख्याच झिजलेल्या, अंगठा टेकतो त्या जागी.

मुगभाटाच्या तोंडाशी नलूमावशी बसल्या होत्या, हिरवी नऊवारी, शेजारी धाकटा. आमच्या आणि त्यांच्या चाळींच्या जागी आता निळे पत्रे आहेत. आत खड्डा, वर मोकळं आकाश. आम्ही सगळे पत्र्यांच्या फटीतून आत बघत होतो. मावशी बघत नव्हत्या. त्या खुर्चीतूनच मान वर करून पत्र्यांच्याही वर, रिकाम्या हवेत कुठेतरी बघत होत्या. मग त्यांनी बोट वर केलं आणि सुमेधाच्या आईला म्हणाल्या, "ते बघा, तिथे दुसऱ्या मजल्यावर. तो आमचा नळ."